गावासाठी लिहिलेल्या प्रोग्रामचा सोर्स कोड दीर्घकाळ कसा जपावा : नवोदितांसाठी मार्गदर्शन

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यातल्या एका ग्रामसभेसाठी तेंदूपत्ता संकलनाचा हिशेब ठेवणारा एक छोटा प्रोग्राम मी २०१४ साली लिहून दिला होता. फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, रोज संध्याकाळी कोणत्या मजुराच्या कार्डावर पानांचे किती पुडे आले, शेकडा पुड्यांच्या दराने त्याची मजुरी किती झाली आणि गावनिधीसाठी किती कपात झाली, एवढेच काम तो करीत असे; पण हंगामाच्या त्या थोड्या दिवसांत साऱ्या गावाची मजुरी त्याच्या बेरजेवर ठरत असे. २०२० च्या पावसाळ्यात विजेच्या कडकडाटात ज्या संगणकावर सोर्स कोड होता त्याची हार्ड डिस्क गेली. चालणारी एक्झी फाइल फळी मुन्शीच्या, म्हणजे फळीवर हिशेब लिहिणाऱ्याच्या, लॅपटॉपवर शाबूत असल्यामुळे सुरुवातीला कोणाला चिंता वाटली नाही. पुढच्या हंगामात ग्रामसभेने कपातीचा नियम बदलला, तेव्हा लक्षात आले की यंत्राला कळणारी प्रत आपल्याजवळ आहे, पण माणसाला वाचता येणारी आणि दुरुस्त करता येणारी प्रत उरलेली नाही.

तो कोड पुन्हा जमवायला मला जवळजवळ वर्ष लागले. पतसंस्था, दूध संकलन केंद्र, राइस मिल, शाळा किंवा ग्रामसभा यांच्यासाठी विदर्भाच्या खेड्यापाड्यांत अनेक तरुण असे प्रोग्राम लिहितात आणि पुढे नोकरीसाठी नागपूर-पुण्याला निघून जातात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मागे राहणाऱ्यांसाठी ही कामाची रीत क्रमाने लिहीत आहे.

प्रथम सारे जमवा, काहीही आवरू नका

सुरुवात सफाईने करू नये. ज्या ज्या ठिकाणी कोडचा अंश असू शकतो, म्हणजे जुने पेन ड्राइव्ह, सीडी, ईमेलला जोडलेल्या फाइली, दुसऱ्याच्या संगणकावर तात्पुरती ठेवलेली प्रत, कागदावरचे छापील पान, त्या सर्व ठिकाणचा माल जसाच्या तसा एका फोल्डरमध्ये आणावा. माझ्या बाबतीत तीन पेन ड्राइव्ह, ईमेलमधली एक झिप फाइल आणि तपासणीसाठी कधीतरी छापलेली २२ पाने मिळाली. पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरांची नावे ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘खरी फायनल’ अशी होती, आणि त्यांतली सर्वांत नवी प्रत नुसत्या ‘फायनल’ नावाची निघाली. म्हणून नावावर विश्वास ठेवू नये. फाइलींच्या बदलाच्या तारखा आणि त्यांतला मजकूर यांवरूनच क्रम लावावा.

या पहिल्या फोल्डरला ‘मूळ आवक’ असे नाव द्यावे, तो केवळ वाचण्यापुरता खुला ठेवावा आणि त्याच्या शेजारी एका साध्या मजकूर फाइलमध्ये आवक नोंद लिहावी : कोणती वस्तू कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या माध्यमावर मिळाली आणि ती मिळताना कोणत्या स्थितीत होती. ग्रामपंचायतीत आवक-जावक रजिस्टर असते तसेच हे आहे. फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हे जगभरच्या सोर्स कोडचे संग्रहालय सुरू केले. त्यांनी इटलीतील पिसा विद्यापीठ आणि युनेस्को यांच्यासह जुन्या प्रोग्रामांसाठी जी कार्यपद्धती तयार केली, तिच्यातही कच्चा माल वेगळा, वाचण्याजोगा कोड वेगळा आणि इतिहास लावलेला कोड वेगळा ठेवण्यास सांगितले आहे. ज्या प्रतीवर आपण काम करणार ती नेहमी दुसरी असावी, हे त्यामागचे कारण आहे.

प्रत्येक भाषेच्या प्रोग्रामात काही फाइली निरुपयोगी दिसतात, पण त्या नसल्या तर काम अडते. माझा प्रोग्राम ज्यात लिहिला होता त्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये फॉर्मची, म्हणजे पडद्याच्या मांडणीची, फाइल मजकुराच्या रूपात असते, परंतु त्या फॉर्मवरील चित्रे आणि काही नियंत्रणांची (बटणे, लेबले अशा घटकांची) माहिती त्याच नावाच्या एफआरएक्स फाइलमध्ये असते, आणि ती उघडून पाहिली तर नुसती कचऱ्यासारखी अक्षरे दिसतात. माझ्या एका जुन्या प्रतीत कोणीतरी जागा वाचवण्यासाठी याच फाइली पुसल्या होत्या. ज्या फाइलचा उपयोग कळत नाही ती ठेवावी, पुसू नये.

मराठी अक्षरांचा प्रश्न

हा भाग आपल्याकडच्या जुन्या प्रोग्रामांत सर्वांत नाजूक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चे साधन. त्याच्या साध्या नियंत्रणांना युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठीची समान संकेतपद्धती, समजत नाही. त्यामुळे पडद्यावर ‘एकूण पुडे’ असे दाखवायचे असेल, तर त्या काळी जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट वापरला जाई, ज्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की तिथे मराठी दिसत नाही, अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. तो फॉन्ट हरवला की शब्दही हरवले.

उपाय असा. फॉर्मची फाइल नोटपॅडमध्ये उघडून प्रत्येक नियंत्रणाखाली लिहिलेले फॉन्टचे नाव शोधावे. ते तिथे स्पष्ट अक्षरांत असते. त्या फॉन्टची नोंद करावी. जिथे प्रोग्राम अजून चालतो तिथे प्रत्येक पडद्याचे चित्र घेऊन ठेवावे, म्हणजे पुढे कोणालाही मूळ शब्द काय होते याचा पुरावा राहील. नंतर सर्व लेबलांची एक यादी युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ या स्वरूपात, हाताने टंकून घ्यावी. फॉन्ट बदलणारी साधने मिळतात आणि ती कामाची आहेत, परंतु रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांत ती चुकतात. म्हणून चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांचे उत्तर स्वीकारू नये. मूळ फाइलचा एकही बाइट बदलू नये. युनिकोड यादी ही मूळ फाइलच्या शेजारी ठेवायची स्वतंत्र फाइल आहे.

इतिहास लावणे

जमलेल्या प्रती क्रमाने लागल्या की त्या गिटमध्ये घालाव्यात. गिट हे लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले, कोडमधील प्रत्येक बदल आणि त्याचे कारण जपणारे मोफत साधन आहे. सर्वांत जुनी प्रत आधी टाकून तिचा कमिट करावा, म्हणजे गिटमध्ये तिची कायमची नोंद करावी, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी. कमिट करताना लेखकाचे नाव आणि तारीख वेगळी देता येते. तिथे ज्याने तो कोड त्या काळी लिहिला त्याचे नाव आणि फाइलची मूळ तारीख द्यावी. नोंद करणारा म्हणून आपले नाव आणि आजची तारीख गिट स्वतंत्रपणे ठेवतेच. त्यामुळे २०१४ चे काम २०१४ चे म्हणूनच दिसते आणि ते आज कोणी दाखल केले हेही लपत नाही. तारीख नक्की माहीत नसेल तर कमिटच्या संदेशात ‘अंदाजे, २०१५ च्या हंगामापूर्वी’ असे उघड लिहावे.

एक तांत्रिक सावधगिरी इथेच सांगतो. गिट कधी कधी ओळीच्या शेवटच्या खुणा बदलते, आणि तशा बदललेल्या फॉर्म फाइली व्हिज्युअल बेसिकला नीट उघडता येत नाहीत. त्यासाठी पहिल्या कमिटपूर्वीच गिट-अ‍ॅट्रिब्युट्स या फाइलमध्ये ‘या फाइलींच्या ओळींना हात लावू नये’ अशी सूचना द्यावी.

लोकांची माहिती बाहेर जाऊ देऊ नये

गावच्या प्रोग्रामासोबत गावची माणसेही असतात. माझ्या ‘खरी फायनल’ फोल्डरमध्ये चाचणीसाठी म्हणून खऱ्याच हंगामाचा डेटाबेस पडलेला होता, आणि त्यात संकलन करणाऱ्या बायामाणसांची नावे, आधार क्रमांक आणि बँकेचे खाते क्रमांक होते. कोड सार्वजनिक करायचा असेल तर असा डेटा पहिल्या कमिटमध्येच येता कामा नये. नंतर पुसून चालत नाही, कारण गिट जुन्या कमिटमधली फाइल जपून ठेवते आणि कोणीही मागे जाऊन ती काढू शकतो. चुकून गेलीच असेल तर गिट-फिल्टर-रेपो या साधनाने पूर्ण इतिहासातून ती काढावी आणि मगच रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासासह असलेला गिटचा पूर्ण साठा, कोणाला द्यावी. कोडमध्येच लिहिलेले पासवर्ड असतील तर ते प्रत्यक्ष यंत्रणेवर बदलून घ्यावेत. खऱ्या डेटाऐवजी काल्पनिक नावांची पाच-सहा कार्डे घालून एक नमुना डेटाबेस तयार करावा. प्रोग्राम चालतो की नाही हे पाहायला तेवढा पुरेसा असतो. खरा डेटा ग्रामसभेचा आहे आणि तो ग्रामसभेच्याच ताब्यात, वेगळा आणि कुलूपबंद राहावा.

‘का’ लिहून ठेवणे

कोड काय करतो हे हुशार माणूस वाचून शोधून काढील. तो तसे का करतो हे मात्र कोडमध्ये नसते, आणि तेच सर्वांत आधी विसरले जाते.

माझ्या कोडमध्ये कपातीच्या ठिकाणी एकच ओळ होती : कार्डप्रकार ४ असेल तर कपात शून्य. बाकी तिन्ही प्रकारांना गावनिधीची कपात लागू होती. प्रकार ४ म्हणजे कोण, आणि त्यांना सूट का, हे मला स्वतःला सात वर्षांनी आठवेना. मुन्शी बदललेला होता. नवा नियम घालताना ती ओळ चुकीची समजून मी काढणारच होतो. शेवटी ग्रामसभेच्या जुन्या ठरावबुकात उत्तर सापडले. एकट्या राहणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीतून गावनिधी कापू नये, असे २०१४ च्या हंगामापूर्वीच्या सभेत सर्वांनी मिळून ठरवले होते. ती ओळ म्हणजे गावाने घेतलेला निर्णय होता. मी ती पुसली असती तर ज्यांच्यासाठी तो निर्णय झाला त्यांच्याच हातावर कमी पैसे पडले असते, आणि त्याचे कारण कोणाला कळलेही नसते. आता त्या ओळीच्या वर अशी टीप आहे : ‘कार्डप्रकार ४ म्हणजे एकल महिला कुटुंब. गावनिधी कपात नाही. आधार : ग्रामसभेचा ठराव, ठरावबुक क्रमांक २, मे २०१४ हंगामापूर्वीची सभा. हा नियम बदलण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे.’

याच रीतीने कोडमधला प्रत्येक उघडा आकडा शोधावा आणि त्याच्याजवळ त्याचे मूळ लिहावे. महाराष्ट्रात तेंदूच्या एका पुड्यात ७० पाने असतात आणि प्रमाण गोणी १,००० पुड्यांची असते. म्हणून ७० आणि १,००० हे आकडे कोडमध्ये येतात. शेजारच्या राज्यातल्या वाचकाला हे माहीत असेलच असे नाही, आणि पन्नास वर्षांनंतरच्या आपल्याच गावातल्या वाचकाला तर नसेलच.

सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये रीडमी नावाची साधी मजकूर फाइल असावी. तिच्यात प्रोग्राम कशासाठी आहे, कोणी, कोणासाठी, कोणत्या वर्षी लिहिला, तो कोणत्या विंडोजवर चालत असे, त्याला आणखी कोणते घटक बसवावे लागतात, तो चालू करण्याच्या पायऱ्या कोणत्या, आणि त्यातले माहीत असलेले दोष कोणते, हे मराठीत पूर्ण वाक्यांत लिहावे. वर्डच्या फाइलीपेक्षा साधा मजकूर बरा, कारण तो वाचायला कोणत्याही एका कंपनीचे साधन लागत नाही. फळी, पुडा, शेकडा, कार्ड, रॉयल्टी असे आपल्याला रोजचे वाटणारे शब्दही एकेका वाक्यात समजावून सांगावेत.

हक्क आणि परवाना

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीत मोडते आणि हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे राहतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याचा मानला जातो. म्हणून हक्क कोणाचा हे आधी लेखी ठरवून घ्यावे. आमच्या बाबतीत मी आणि ग्रामसभा यांनी एका ठरावाने ते स्पष्ट केले. परवाना न लिहिता कोड नुसता खुला टाकला तर दुसऱ्याला तो वापरण्याचा अधिकार मिळत नाही. एमआयटी किंवा जीपीएल यांसारख्या प्रचलित परवान्यांपैकी एकाचा पूर्ण मजकूर लायसन्स या नावाच्या फाइलमध्ये ठेवावा. स्वतःच्या शब्दांत परवाना लिहू नये.

ज्यावर प्रोग्राम उभा आहे ते

आजकालचा प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या शेकडो छोट्या पॅकेजांवर उभा असतो. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यातून काढून घेतले आणि जगभर असंख्य प्रकल्पांची बांधणी एकाएकी अडली. त्यामुळे वापरलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव आणि नेमकी आवृत्ती नोंदवावी. पायथॉनमध्ये ‘पिप फ्रीझ’ ही यादी काढून देते, नोडमध्ये लॉक फाइल हेच काम करते. ती फाइल कोडसोबत कमिट करावी. परवाना अनुमती देत असेल तर त्या पॅकेजांची प्रतही सोबत ठेवावी. भाषेची आवृत्तीही लिहावी. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि ‘पायथॉनमध्ये लिहिले आहे’ एवढेच वाक्य आता पुरत नाही.

संग्रहालयात ठेवणे

कोड एखाद्या संकेतस्थळावर चढवला म्हणजे तो सुरक्षित झाला, अशी समजूत मोठ्या प्रमाणात आहे. गूगल कोड ही सेवा २०१६ मध्ये बंद झाली, गिटोरियस त्याच्या आदल्या वर्षी गेली, आणि बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअल या गिटसारख्याच दुसऱ्या साधनाच्या रिपॉझिटरी काढून टाकल्या. या सेवा रोजच्या कामासाठी उत्तम आहेत, पण दीर्घ जतन हे त्यांचे काम नाही.

सॉफ्टवेअर हेरिटेजचे ते काम आहे. आपली रिपॉझिटरी एखाद्या सार्वजनिक ठिकाणी असेल तर त्यांच्या ‘सेव्ह कोड नाऊ’ या पानावर तिचा पत्ता द्यावा. ते पूर्ण इतिहासासह तिची प्रत घेतात आणि प्रत्येक फाइल, फोल्डर व कमिट यांना एक कायमचा ओळख क्रमांक देतात. हा क्रमांक मजकुरावरूनच गणिताने काढलेला असतो, त्यामुळे मजकुराचे एक अक्षर बदलले तरी क्रमांक जुळत नाही. २०२५ मध्ये या पद्धतीला आयएसओ मानकाचा दर्जाही मिळाला. हा क्रमांक रीडमीच्या छापील प्रतीवर आणि ठरावबुकात लिहून ठेवावा. एखादी विशिष्ट आवृत्ती शोधनिबंधात किंवा अहवालात उद्धृत करायची असेल तर सर्न या युरोपातील संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेल्या झेनोडो या संग्रहात ती ठेवून डीओआय, म्हणजे उद्धृत करण्यासाठीचा कायमचा क्रमांक, घ्यावा. अशा संग्रहातून पुढे काही काढून घेणे सोपे नसते, म्हणून लोकांच्या माहितीविषयीची आधीची पायरी पुन्हा एकदा तपासूनच हे पाऊल टाकावे.

गावातली प्रत

इंटरनेट तुटक असलेल्या भागात गिटची बंडल ही सोय मला सर्वांत उपयोगी वाटते. ‘सर्व शाखांसह’ असा पर्याय देऊन बंडल तयार केले की पूर्ण इतिहास एकाच फाइलमध्ये येतो. आमचा तो काही एमबीत मावतो आणि खिशातल्या पेन ड्राइव्हवर वडसा किंवा गडचिरोलीला नेता येतो. पडताळणीची आज्ञा देऊन ती फाइल पूर्ण आहे का हेही पाहता येते.

अशा तीन प्रती असाव्यात, निदान दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक गावाबाहेर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या छताखालची खोली त्याहून तापते. पेन ड्राइव्हमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार उष्णतेने लवकर झिरपतो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नये. सीडी उन्हात खराब होते. हार्ड डिस्क मातीच्या किंवा जाड भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून उंचावर, ओल आणि धूळ लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवावी, आणि वापर नसताना विजेपासून सुटी ठेवावी.

प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला क्रमांक, काढून यादी करावी. विंडोजवर सर्टयूटिल आणि लिनक्सवर शा२५६सम ही आज्ञा तो काढून देते. दरवर्षी एप्रिलमध्ये, हंगामाची बोलणी सुरू होण्यापूर्वी, तिन्ही प्रतींचे ठसे यादीशी ताडावेत. जी प्रत जुळत नाही ती टाकून चांगल्या प्रतीवरून नवी करावी. कोड लहान असेल तर कागदावरही छापावा. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या मार्गदर्शक संगणकाचा कोड आज वाचता येतो, कारण त्याचे छापील कागद टिकले आणि स्वयंसेवकांनी ते पुन्हा टंकले. आमचे ३,००० ओळींचे काम ६० पानांत बसले. वाळवीची भीती असल्याने तो गठ्ठा लाकडी कपाटात न ठेवता लोखंडी पेटीत ठेवला आहे.

परक्या हातून चाचणी

जतन पूर्ण झाले की नाही हे स्वतःला विचारू नये. ज्याने प्रोग्राम कधी पाहिला नाही अशा माणसाच्या हाती केवळ बंडल आणि रीडमी द्यावी, शेजारी बसावे आणि काहीही सांगू नये. तो जिथे थांबेल ते लिहून घ्यावे.

मी वडशाच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला हे काम दिले. जुन्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर तिने रीडमीप्रमाणे सारे बसवले, नमुना डेटा भरला आणि पाचव्या मिनिटाला प्रोग्राम चालूही झाला. पण हंगामाची बेरीज कागदाशी जुळेना. १३ मेपासूनच्या नोंदी बरोबर होत्या आणि ६ ते १२ मेच्या नोंदी मे महिन्याच्या अहवालातच दिसत नव्हत्या. तिने अर्ध्या तासात कारण शोधले : त्या संगणकावर तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची, म्हणजे महिना आधी, अशी होती. त्यामुळे ११/०५ ही तारीख प्रोग्राम ५ नोव्हेंबर समजत होता. १३ हा महिना असू शकत नसल्याने तिथून पुढे तो आपोआप दिवस आधी धरत होता. मुन्शीच्या लॅपटॉपवर मांडणी पहिल्यापासून भारतीय असल्याने हा दोष कधी दिसलाच नव्हता.

‘प्रोग्राम चालू करण्यापूर्वी विंडोजमध्ये तारखेची मांडणी दिवस-महिना-वर्ष अशी करावी’ हे वाक्य रीडमीत गेले, तिच्याच नावाने कमिट झाला, नवे बंडल तिन्ही ठिकाणी पोहोचले, आणि ठशांची नवी यादी छापून ठरावबुकाच्या शेवटच्या पानावर चिकटवली.